एबीएसचं मॉड्यूल गेलंय म्हणे : माझा अनुभव

आमची गाडी डिझेल हॅचबॅक, २०१४ ची. एप्रिल २०१९ पासून नव्या कारना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं, आमची त्याआधीची, पण तेव्हा हौसेनं टॉप मॉडेल घेतलं म्हणून तिच्यात आहे. पावसाळ्याच्या तोंडावर डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा लागायला लागला. ब्रेक व्यवस्थित लागत होते त्यामुळे घाबरायचं कारण नव्हतं, नुसता एबीएसचा दिवा असेल तर साधे ब्रेक चालूच असतात. सोबत लाल ब्रेकचा दिवापण लागला तर मात्र अंगावर काढू नका, बहुतेक गाड्यांत त्याचा अर्थ ईबीडी (पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी सोय) सुद्धा बंद, मग जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी गर्रकन फिरू शकते.

पहिल्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावला आणि दोन मिनिटांत निकाल, "भिया, माड्यूल गया, पूरा बदलेगा." मॉड्यूल म्हणजे एबीएस चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा. किंमत चाळीस हजाराच्या वर, वरून कोडिंगचे, म्हणजे नवा डबा गाडीशी जुळवून घ्यायचे, वेगळे. दुसरीकडे गेलो तर तो म्हणतो आधी पुढच्या चाकांचे स्पीड मोजणारे दोन्ही सेन्सर नवे टाकून बघू. टाकून बघू! माझ्या पैशानं!

मग इथे इंदूरच्या रामबागेतला माझा एक जुना मित्र आहे, ट्रान्सपोर्ट नगरला ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम करतो, त्याला फोन लावला. त्यानं स्कॅनरवर आलेला बिघाडाचा कोड वगैरे काही विचारलं नाही, विचारलं काय तर "दिवा लागतो कधी ते सांग." मी म्हटलं कधीपण लागतो रे. "असं नाही, नीट बघ. चावी फिरवल्यावर लगेच, का गाडी चालायला लागल्यावर?"

दोन-तीन दिवस नीट लक्ष ठेवलं तर गंमत दिसली. चावी फिरवली की सगळे दिवे लागून विझतात तसा हापण विझायचा. सकाळी थंड गाडी काढली तर पलासियापर्यंत काही नाही. पण गाडी गरम झाल्यावर कुठे थांबलो, बंद करून परत चालू केली, की पंधरा-वीसच्या स्पीडला दिवा हजर. मित्र म्हणाला हेच पाहिजे होतं. सेन्सरची वायर तुटली असती तर चावी फिरवल्या फिरवल्या दिवा तसाच राहिला असता, मॉड्यूल गाडी उभी असतानाच वायरिंग तपासून घेतं. पंप मोटरची, म्हणजे एबीएसमध्ये ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या मोटरची, परीक्षा मात्र बऱ्याच गाड्यांत चाकं फिरायला लागली की घेतात, क्षणभर मोटर फिरवून बघतात, कान दिला तर बॉनेटमधून बारीक गुर्र ऐकू येतं. आमच्याकडे सकाळी ते गुर्र यायचं आणि दिवा लागायचा तेव्हा यायचं नाही.

इथे एक सांगतो, ते ब्लूटूथवालं स्वस्तातलं स्कॅनर माझ्याकडे होतं, त्यात काहीच दिसलं नाही. ती डबी बहुतेक इंजिनचे पी-वाले कोड वाचते, एबीएसचे कोड सी-पासून सुरू होतात आणि त्यासाठी चेसिसच्या मॉड्यूलशी बोलणारा स्कॅनर लागतो. मित्राच्या स्कॅनरवर कोड आला सी-०११०, म्हणजे पंप मोटरचं सर्किट. (कंपनीप्रमाणे नंबर बदलतात, तेव्हा तुमच्या गाडीचा कोड तुमच्याच गाडीच्या यादीत बघा.) लाइव्ह डेटात चारी चाकांचे स्पीड सोबत चढत होते, सोबत उतरत होते. म्हणजे सेन्सर टाकून बघायचा विषयच संपला.

पण कोडमध्ये "सर्किट" लिहिलंय, "मॉड्यूल" नाही लिहिलेलं. आणि त्या सर्किटमध्ये फ्यूज आला, वायर आली, अर्थ (वीज बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जायची वाट) आला, मोटर आली आणि मग मॉड्यूल. गॅरेजवाले सरळ शेवटच्या स्टेशनला उतरतात.

फ्यूज बॉक्समध्ये एबीएसचे फ्यूज वेगवेगळे असतात, मोटरचा मोठा, व्हॉल्व्हचा त्याहून लहान, आणि चावीवरचा छोटा. सगळे चांगले. मग बॅटरीची निगेटिव्ह काढून मॉड्यूलचं सॉकेट उघडलं, पिनांवर हिरवट गंज येतो तो बघितला, नव्हता. निगेटिव्ह परत लावली आणि आता मी आपला मल्टिमीटर घेऊन जाड पिनेवर टेकवला, बारा व्होल्ट पूर्ण, खूश. मित्र हसला. म्हणाला जाड वायरीतले सगळे तार तुटून एकच केसाएवढा उरला ना, तरी हा मीटर बाराच दाखवेल, मीटरला करंट लागतोच किती. त्यानं डब्यातून हेडलाइटचा जुना एच-फोर बल्ब काढला, दोन वायरी जोडलेला, आणि मोटरच्या सप्लायच्या पिनेला आणि सॉकेटातल्याच अर्थच्या पिनेला लावला. मीटरसारखा नाही, बल्ब भरपूर करंट ओढतो, तरी लख्ख पेटला. पेटलेला असतानाच बॅटरीच्या निगेटिव्हपासून त्या अर्थच्या पिनेपर्यंत व्होल्टेज मोजलं, ०.१ च्यापण खाली. म्हणजे येणारी वीज बरोबर, जाणारी वाट बरोबर. मला ही बल्बची ट्रिक फारच आवडली, हजारो रुपयांचा स्कॅनर जे सांगत नाही ते हा भंगारातला बल्ब सांगतो.

(चाकांच्या सेन्सरवर मात्र असले प्रयोग नका करू. जुने दोन वायरवाले कॉइलचे सेन्सर ओहमवर मोजता येतात, साधारण एक-दोन हजार ओहम दाखवतात, पण नवीन ॲक्टिव्ह सेन्सरमध्ये चिप असते, त्याला ओहम मोजून काही कळत नाही, उलट खराब व्हायची भीती.)

आता गाडी मुद्दाम गरम करायची होती. रिंग रोडला फिरवून आणली आणि गरमागरम असतानाच स्कॅनरमधून पंपाला चालायचा हुकूम दिला. आवाज नाही. बॅटरीचं व्होल्टेज जागचं हललंसुद्धा नाही, म्हणजे मोटरनं करंट ओढलाच नाही. थंड असताना हाच हुकूम दिला होता तेव्हा गुरगुरली होती आणि व्होल्टेज थोडं बसलं होतं.

राहिले दोघं, मोटर किंवा मॉड्यूल. आमच्या गाडीत मॉड्यूलचा काळा डबा ॲल्युमिनियमच्या हायड्रॉलिक ब्लॉकला टॉर्क्स स्क्रूनं बसवलेला आहे, ब्रेकच्या नळ्या न उघडता नुसता डबा सुटतो, त्यामुळे ब्लीडिंगची (नळ्यांतली हवा काढायची) भानगड नाही. सगळ्या गाड्यांत असं नसतं आणि जागाही इतकी अडचणीची की शेवटच्या स्क्रूला माझा हात पोचेना, मित्राच्या पोऱ्यानं काढला. सरळ ओढायचा, तिरका नाही, कारण व्हॉल्व्हच्या कॉइल डब्यात राहतात आणि व्हॉल्व्हचे दांडे ब्लॉकवर. मग मोटरचे दोन कॉन्टॅक्ट उघडे पडतात, त्यांना थेट बॅटरीतून क्षणभर बारा व्होल्ट दिले. गुर्र! परत दिले, परत गुर्र. ब्रश झिजले असतील तर मोटर एखाद्या जागी अडकते म्हणून त्यानं बऱ्याच वेळा केलं, पान्याच्या मुठीनं ठोकूनपण बघितलं, एकदाही चुकली नाही.

म्हणजे पहिला गॅरेजवाला म्हणत होता ते खरंच निघालं, मॉड्यूलच. फक्त त्याला ते माहीत नव्हतं, त्यानं अंदाज मारला होता.

ब्लॉक स्वच्छ पिशवीनं झाकून ठेवला आणि डबा घेऊन जेल रोडला एका कार्ड (सर्किट बोर्ड) रिपेअरवाल्याकडे गेलो. त्यानं झाकण कटरनं कापलं आणि मला भिंगातून दाखवलं. मोटरच्या जाड पिनेभोवती जे सोल्डर होतं त्यात गोल बारीक काळी रेघ, बांगडीसारखी पूर्ण फिरलेली. गरम झालं की पिन फुगते, सरकते, कनेक्शन सुटतं, थंड झालं की परत टेकतं. जुनं सोल्डर काढून नवीन भरलं, शेजारच्या पिनेलापण केलं, झाकण सिलिकॉननं चिकटवून रात्रभर ठेवायला सांगितलं. त्यानंच सांगितलं की काही डब्यांत आत सिरॅमिकची प्लेट असते आणि केसासारख्या ॲल्युमिनियमच्या तारा, त्यांना सोल्डर धरत नाही, ते काम तो घेतच नाही. माझ्या नशिबानं साधं पीसीबी, म्हणजे नेहमीचा सर्किट बोर्ड, निघालं. नवीन मॉड्यूलच्या किमतीच्या दहाव्या हिश्शातसुद्धा काम झालं, आणि डबा गाडीचाच असल्यामुळे कोडिंग करायची गरज पडली नाही. जुन्या बाजारातला दुसऱ्या गाडीचा लावला असता तर व्हेरियंट जुळवत बसायला लागलं असतं.

बसवून कोड पुसले आणि रविवारी पहाटे सुपर कॉरिडॉरला गेलो, मागे कुणी नाही बघून रेती पसरलेल्या कडेला चाळीसच्या स्पीडला पूर्ण ब्रेक दाबला. पेडल पायाखाली टकटकटक थरथरलं, गाडी सरळ थांबली. गरम गाडी बंद-चालू करूनपण बघितली, दिवा नाही. मित्राचं म्हणणं ब्रेक ऑइल जुनं झालंय, ते आता बदलून टाक. ते काम या महिन्यात आहे.