बर्ट केम्पफर्टचा बेस आणि आमचा ऑर्गन

दिवाळीपासून होळीपर्यंत आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटकांचा हंगाम असतो. त्या काळात मी दिवसा धानाच्या चुरण्याकडे लक्ष देतो आणि रात्री वडशाहून निघणाऱ्या एका नाटक मंडळीबरोबर ऑर्गन वाजवायला जातो. आमच्याकडे नाटकाचे संगीत प्रत्यक्ष समोर वाजते, त्यामुळे एखाद्या नटीचा आवाज वाद्यांखाली दबला, तर तिची तक्रार मध्यंतरातच येते. "मास्तर, जरा हळू वाजवा ना जी, माझं बोलनं लोकायले आयकू नाही येत," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की, त्याच्यावर उपाय शोधता शोधता मी थेट जर्मनीतल्या हॅम्बुर्गला पोहोचलो, असे म्हणायला हरकत नाही.

नागपूरच्या सीताबर्डीच्या फुटपाथवरून घेतलेल्या एका जुन्या कॅसेटवर ट्रम्पेटची एक अतिशय संथ धून होती. ती बर्ट केम्पफर्ट या जर्मन संगीतकाराच्या वाद्यवृंदाची 'वंडरलँड बाय नाइट' आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. ट्रम्पेट चार्ली ताबोर यांचा आहे. केम्पफर्टने ही धून न्यूयॉर्कच्या डेक्का कंपनीतील निर्माते मिल्ट गेबलर यांच्याकडे नेली, आणि जानेवारी 1961 मध्ये ती अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होती. महायुद्ध संपून जेमतेम पंधरा वर्षे झाली असताना एका जर्मन वाद्यवृंदाला अमेरिकन श्रोत्यांनी इतके जवळ करावे, याचे मला आजही नवल वाटते.

केम्पफर्टचा जन्म 16 ऑक्टोबर 1923 रोजी हॅम्बुर्गच्या बार्मबेक या कामगार वस्तीत झाला. लहानपणी मोटारीची धडक बसली आणि नुकसानभरपाईच्या पैशांतून घरात पियानो आला, असे सांगतात. पुढे संगीताचे शिक्षण, नौदलाच्या बँडमधील युद्धकाळ, डेन्मार्कमधील युद्धकैद आणि त्यानंतर ब्रिटिश सैनिकी अधिकाऱ्यांच्या क्लबांतील वादन अशा वाटेने तो पॉलिडोर कंपनीत निर्माता, संयोजक आणि वाद्यवृंदाचा संचालक म्हणून स्थिरावला.

मला मात्र त्याचा बेस सोडवत नाही. त्याच्या वाद्यवृंदात लाडी गाइसलर नावाचा चेक वादक बेस गिटार वाजवीत असे. तो तार बोटाऐवजी प्लेक्ट्रमने, म्हणजे हातात धरायच्या चपट्या तुकड्याने, छेडी आणि सूर उमटताच ती दाबून टाकी, त्यामुळे प्रत्येक सूर तुटक, ठसठशीत आणि क्षणभराचाच उरे. जर्मनीत या बेसला 'क्नाकबास' म्हणतात. ऐकणाऱ्याला ती एक गंमत वाटते, पण माझ्यासारख्या कामचलाऊ वादकाला त्यात निराळेच काही दिसते. खालच्या पट्टीतला सूर लांबला की तो सगळीकडे पसरतो आणि गाणाऱ्याचे शब्द त्याच्यात बुडतात. तोच सूर लगेच आवरला, तर ताल कायम राहतो आणि मधली जागा मोकळी होते. त्या मोकळ्या जागेत केम्पफर्ट ट्रम्पेट, व्हायोलिने किंवा शब्दांवाचून गुणगुणणारा गायकवृंद आणून बसवीत असे.

बहुधा याच सवयीमुळे त्याच्या चाली दुसऱ्यांच्या गळ्यात इतक्या सहज बसल्या. जर्मन लोकगीतावरून घडवलेले 'वुडन हार्ट' एल्विस प्रेस्लीने गायिले, 'डांके शोन' वेन न्यूटनने, 'एल-ओ-व्ही-ई' नॅट किंग कोलने आणि 'स्पॅनिश आइज' अल मार्टिनोने. 1966 मधील 'स्ट्रेंजर्स इन द नाइट' ही मुळात एका चित्रपटासाठी केलेली धून फ्रँक सिनात्राच्या आवाजात अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांत अव्वल ठरली. तो आवाज ओळखणाऱ्यांपैकी किती जणांना चाल बांधणाऱ्याचे नाव ठाऊक असेल? आमच्याकडेही प्रेक्षक नायिकेचे गाणे गुणगुणत घरी जातात आणि चाल कोणाची, हे मंडळीबाहेर कोणी विचारीत नाही. त्यामुळे मला यात अन्याय वाटत नाही.

बीटल्सचा विषय निघाला की, लोक केम्पफर्टला हसतात. जून 1961 मध्ये त्याने हॅम्बुर्गमध्ये टोनी शेरिडन या गायकाच्या साथीला या लिव्हरपूलच्या पोरांना घेऊन 'माय बॉनी' ध्वनिमुद्रित केले, त्यांना करारात बांधले, आणि 1962 मध्ये त्यांचा व्यवस्थापक ब्रायन एप्स्टाइन याच्या विनंतीवरून मोकळेही केले. हातात आलेले सोने त्याने सोडून दिले, असे म्हणणे आज फार सोपे आहे. पण ज्या मुलांना आपल्या पद्धतीचे संगीत करायचे नाही, त्यांना कागदावर अडकवून न ठेवणे हा व्यवहार मला तरी सरळ वाटतो. शिवाय 'माय बॉनी'च्या तबकडीवर त्यांचे नाव 'बीट ब्रदर्स' असे छापले होते, म्हणजे तेव्हा तीही साथीलाच बसलेली मंडळी होती.

1974 साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये तो आपला वाद्यवृंद घेऊन उभा राहिला. 21 जून 1980 रोजी मायोर्का बेटावर त्याचे निधन झाले, तेव्हा तो 56 वर्षांचा होता.

मागच्या हंगामात, ब्रह्मपुरीकडच्या एका गावी, मी ऑर्गनवर डाव्या हाताची बोटे पट्टीवर ठेवताक्षणीच उचलण्याचा प्रयोग रात्रभर केला. पहाटेपर्यंत नटीची एकही तक्रार आली नाही. सामान गाडीत भरताना ऑक्टोपॅड वाजवणारा पोरगा मात्र जवळ येऊन काळजीने म्हणाला, "मास्तर, आज बेस बिघडला होता का जी?"