गुरुवारपर्यंत कापलेलं बरं

रावेर तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी १८ वर्षं इंग्रजी शिकवतो. परवा मंगळवारी दुपारी एक आबा तणतणत स्टाफरूममध्ये आले. मागे त्यांचा मुलगा. तीन वर्षांपूर्वी तो माझ्याच वर्गात होता.

"सर, हा व्यापारी आमच्या मालाला नावं ठेवतो!" आबांनी मोबाईल पुढे केला. केळी बाहेरदेशी पाठवणाऱ्या व्यापाऱ्याचा मेसेज होता: 'यू हॅड बेटर हार्वेस्ट बाय थर्सडे.'

मुलाने अर्थ लावला होता. हॅड म्हणजे होतं, बेटर म्हणजे जास्त चांगलं, हार्वेस्ट म्हणजे पीक. तुमचं पीक आधी जास्त चांगलं होतं. म्हणजे आता भाव पाडणार. 'बाय थर्सडे' त्याने सोडूनच दिलं होतं. आबांनी रागाने त्या व्यापाऱ्याचे फोन घेणं बंद केलं होतं.

मला हसू आलं आणि लगेच जिरलं. गुड-बेटर-बेस्टचा तक्ता मीच त्याच्याकडून घोकून घेतला होता. 'हॅड बेटर' त्या तक्त्यात बसत नाही, म्हणून ते घाईत उरकणाराही मीच.

"अरे, हार्वेस्ट इथे क्रियापद आहे. गुरुवारपर्यंत माल कापा, नाहीतर पंचाईत होईल, असं म्हणतोय तो."

"मग हॅड कशाला, सर? ते तर भूतकाळाचं."

प्रश्न रास्त होता. रूप मागचं, बोलणं पुढचं, वर थोडी तंबी. मी व्याकरणातला शब्द शोधत होतो, तेवढ्यात आबा म्हणाले, "म्हणजे गुरुवारपर्यंत कापलेलं बरं, असंच ना?"

कापलेलं! घड अजून खोडावर, आणि आबांचं क्रियापद कापून मोकळं. इतक्या वर्षांत हे उदाहरण मला सुचलं नव्हतं. तसा आपला 'बरा' चांगल्याच्या एक पायरी खाली. मुलगा 'बरा आहे' म्हटलं की मुलीकडचे विचारात पडतात. बेटर गुडच्या वर, पण तेही तक्त्यापुरतंच. दवाखान्यातला माणूस 'आय अ‍ॅम बेटर' म्हणतो तेव्हा तो कालच्यापेक्षा सुधारलेला असतो, खडखडीत असेलच असं नाही.

पुढचं आबांनीच मला समजावलं. परदेशी जाणारी केळी हिरवीच कापतात. बागेत जास्त दिवस धरली, तर कंटेनरमध्ये १३-१४ अंशांची थंडी असली तरी वाटेत पिकायची भीती. मुलाने तिथूनच व्यापाऱ्याला फोन लावला.

बुधवारी अकरावीला 'हॅड बेटर' नव्याने शिकवलं. फळ्यावर पहिलं उदाहरण केळीचं. गुडचं बेटर कसं झालं, असं एकीने विचारलं. झालंच नाही, म्हटलं. दोन वेगळे शब्द एका तक्त्यात बसलेत, जसं आपलं 'जातो' आणि 'गेला'.

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, मग बेटर हाफमधलं बेटर कुठलं?"

"ते घरी विचारून सांगतो," म्हणालो.