कात्रजला का गेला तो?

प्लंबर साडेअकराला येतो म्हणाला होता. तीन वाजले. दोनदा फोन नुसताच वाजला, तिसऱ्यांदा बंद लागला. मी मोबाइल सोफ्यावर टाकला आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं जाहीर केलं, "कात्रजचा घाट दाखवला त्यानं."

सुट्टीसाठी भाचा आलाय. बंगळुरात वाढलेला, वय वर्षं एकोणीस, मराठी ठणठणीत. त्यानं लॅपटॉपमधून मान वर काढली. "मामा, कात्रजला का गेला तो? ठाण्यातलाच आहे ना?" आणि मदत म्हणून नकाशावर अंतरही बघायला लागला.

मग मला लाल महालापासून सुरुवात करावी लागली. शाहिस्तेखानाची बोटं, बैलांच्या शिंगांना बांधलेले पलिते, त्या पलित्यांमागे घाटात धावलेली मोगल फौज आणि भलत्याच वाटेनं सिंहगडावर पोचलेले महाराज. खरं तर असं काही सोलून सांगायचा मला मनस्वी कंटाळा. विनोद समजावून सांगण्याइतकंच ते पाप आहे. पण पोरगं ऐकता ऐकता ताठ बसलं. "म्हणजे हे डारमॉकच झालं की! मामा, तुम्ही लोक तामारियन आहात!"

अगदी गुन्हा पकडल्यासारखा म्हणाला.

'डारमॉक' मी नव्वदच्या दशकात केबलवर पाहिला होता. 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या मालिकेतला १९९१ सालचा भाग. कॅप्टन पिकार्डच्या यानाची गाठ तामारियन नावाच्या परग्रहवासीयांशी पडते. यानावर कुठलीही भाषा उलगडून देणारं यंत्र आहे, आणि ते नीट चालूही आहे. शब्द न् शब्द कळतोय, पण अर्थाच्या नावानं शून्य. कारण समोरचा कप्तान म्हणतो, "डारमॉक आणि जलाद, तानाग्रा इथे." मग म्हणतो, "शाका, भिंती पडल्या तेव्हा." ही माणसं सरळ काही बोलतच नाहीत. जे सांगायचं ते त्यांच्या कुठल्यातरी जुन्या कथेतल्या प्रसंगाचं नाव घेऊन सांगतात. शाकाच्या भिंती पडल्या म्हणजे बेत फसला. 'टेम्बा, हात पसरलेले' म्हणजे घे, हे तुला. शेवटी तो कप्तान पिकार्डला एका ओसाड ग्रहावर नेतो आणि दोन सुरे काढून एक त्याच्यापुढे करतो. पिकार्डला वाटतं, द्वंद्वाचं आव्हान आहे. त्याला म्हणायचं असतं, चल, दोघं मिळून इथल्या जनावराशी लढू, त्यातून दोस्ती होईल, डारमॉक आणि जलादची झाली तशी.

या एका भागावरून चाहते तीस वर्षं भांडतायत. भाच्याच्या टोळक्यातही दोन तट आहेत, आणि स्वारी 'हे शक्यच नाही' या तटाची. जुन्या कथा सांगून अंतराळयान बांधणार कसं? पाच नंबरचा पाना कुठल्या लढाईच्या नावानं मागणार? आणि त्याचा हुकमाचा एक्का : पोरांना शिकवणार कसं? कथा कळायला भाषा यायला हवी, आणि भाषा म्हणजे तर त्या कथाच. दुसरा तट म्हणतो, आपण तरी दिवसभर एकमेकांना मीम पाठवून दुसरं काय करतो? पुढं २०२१ मध्ये 'लोअर डेक्स' या कार्टून मालिकेत एक तामारियन अधिकारी चक्क नोकरीला लागला. तो बोलतो आपल्यासारखंच, पण अधूनमधून जीभ घसरून तानाग्राला जाते. भाच्याच्या मते ही पळवाट. मला मात्र तो फार ओळखीचा वाटला. पुण्याहून अमेरिकेला गेलेले आमचे एक नातेवाईक अगदी असेच बोलतात.

पोरांना शिकवणार कसं, याचं उत्तर माझ्याकडे आहे. माझी आत्या.

आत्याचं घर साताऱ्याला. मे महिन्यात आम्ही सगळी भावंडं तिकडे. तिची पोळी लाटता लाटता पोळपाटाच्या कडेबाहेर गेली की ती म्हणायची, "गेली अटकेपार." काकांच्या पानात तिसऱ्यांदा भात पडायला लागला की काका पानावर आडवे हात धरून ओरडायचे, "काका, मला वाचवा!" आणि स्वतःच काका असल्यामुळे स्वतःच हसायचे. मातीच्या बरणीतला लाडू कमी भरला आणि चौकशीत कुणी "असेल कुणीतरी खाल्ला" असं पुटपुटलं, की आत्या म्हणायची, "नरो वा कुंजरो वा नको." मग ती गादी उचलायची, खाली लाडवाचा चुरा सापडायचा. "हा सूर्य, हा जयद्रथ." खटला संपला. शिक्षा म्हणून दुपारी तिची पाठ चेपायची.

यातली एकही कथा तेव्हा मला माहीत नव्हती. अटक मला ठाऊक होती ती पोलिसांची. त्यामुळे अटकेपार म्हणजे पोलीस चौकीच्या पलीकडे, असं माझं पक्कं मत होतं. साताऱ्यात चौकीच्या पलीकडे एक उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं, तिथं मराठ्यांनी झेंडे लावले असणार. एकदा आत्याला विचारलंही, "अटक कुठंय गं?" ती म्हणाली, "लांब." बस्स, एवढाच माझा भूगोलाचा तास. सिंधूकाठचं ते गाव, १७५८ साल, रघुनाथराव, हे सगळं फार नंतर आलं, आणि आलं तेव्हा मला जरा फसवल्यासारखंच वाटलं. गुऱ्हाळ बरं होतं.

तर असं शिकतात. आधी वाक्य मिळतं, मग त्याची वेळ कळते, कथा मिळाली तर मिळते. नाही मिळाली तरी पोळी अटकेपार जातेच. मी सहा-सात वर्षांचा असताना एकाच आठवड्यात माझे पुढचे दोन दात पडले, तेव्हा आत्यानं ते तळहातावर घेतले आणि गंभीर चेहऱ्यानं सगळ्यांना दाखवले. "दोन मोती गळाली." काकांनी ते कौलांवर भिरकावले. त्यानंतर घरात कुणाचाही दात पडला की मोती गळालं, असंच आम्ही म्हणायचो.

शाळेच्या इतिहासात पानिपत आलं तेव्हा बाईंनी ते पत्र वाचून दाखवलं. भेलशाजवळ नानासाहेब पेशव्यांच्या हाती पडलेलं, सावकारी भाषेतलं : दोन मोती गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला याची गणतीच नाही. वर्ग चिडीचूप. विश्वासराव आणि भाऊसाहेब म्हणजे ती दोन मोती, हे बाई सांगत होत्या, आणि मी जिभेनं पुढचे दात चाचपत होतो. आज वाटतं, पिकार्डचं ते यंत्र १७६१ च्या जानेवारीत भेलशाला असतं तर त्यानं शब्द न् शब्द बरोबर सांगितला असता आणि वर म्हणालं असतं, दागिन्यांची चोरी झालीय, कोतवालाला कळवा.

भाच्याला हे पटलं, पण अर्धंच. "पण आत्याआजीकडे साधी मराठी होती ना? मीठ दे म्हणायला तिला तानाग्रा लागत नव्हतं." आता हे खरंय. वकील झाला तर नाव काढेल. मी म्हटलं, तामारियनांकडेही साधे शब्द आहेतच की. भिंती आहेत, पडणं आहे, हात आहेत, पसरणं आहे. तो विचारात पडला. मग म्हणाला, "त्यांच्याकडे 'मी' नाही पण. डेटा म्हणतो तसं त्या भागात. त्यांना 'मी' अशी कल्पनाच नसावी." डेटा म्हणजे यानावरचा यंत्रमानव. त्याच्यावर माझा फार विश्वास नाही, पण मुद्दा डोक्यात राहिला.

'स्टार ट्रेक'मधल्या परग्रहवासीयांत मला खरं तर क्लिंगॉन जास्त जवळचे. त्यांची भाषा मार्क ओक्रँड नावाच्या भाषाशास्त्रज्ञानं रीतसर बांधली आणि १९८५ मध्ये तिचा शब्दकोशही काढला. मुद्दाम परकी वाटावी म्हणून त्यानं तीत आपल्या 'ड' आणि 'ष' सारखे, जीभ मागे वळवून काढायचे आवाज घातले. अमेरिकन चाहते आरशासमोर बसून ड घोटतात. आपण डबा, डाळ, डोकं म्हणतो आणि निम्मे क्लिंगॉन होतो. तिथं वाक्यात कर्म आधी, मग क्रियापद आणि कर्ता सगळ्यात शेवटी. "घाट दाखवला त्यानं." म्हणजे प्लंबरवर चिडून मी बोललो ते अगदी शुद्ध क्लिंगॉन. आणि नमस्कार-चमत्कार त्या भाषेत नाहीतच. कुणी भेटलं की 'नुकनेख', म्हणजे सरळ : काय पाहिजे? हे वाचलं तेव्हा मला लक्ष्मी रोडवरची दुपारी सव्वाची एक दुकानाची पायरीच डोळ्यांसमोर आली.

आणि ती कपाळं! साठच्या दशकातल्या मालिकेत क्लिंगॉनांची कपाळं आपल्यासारखीच सपाट होती. १९७९ च्या सिनेमात अचानक त्यावर हाडांचे कंगोरे उगवले. हातात पैसा आला, मेकअप वाढला, एवढीच गोष्ट. पण चाहते त्यावर वर्षानुवर्षं खल करत बसले. अखेर १९९६ च्या एका भागात सहकारी वॉर्फ या क्लिंगॉनला तोंडावरच विचारतात, हे सपाट कपाळांचे तुमचे पूर्वज असे कसे दिसतात? तो आवंढा गिळल्यासारखा म्हणतो, आम्ही याबद्दल बाहेरच्यांशी बोलत नाही. आमच्या घरात धाकट्या काकांच्या पहिल्या लग्नाबद्दल नेमक्या याच शब्दांत बोललं जायचं. पुढं मालिकावाल्यांनी विषाणू वगैरे आणून कपाळांचा खुलासा केला. करायला नको होता. वॉर्फचं उत्तर पुरेसं होतं.

पाच वाजता प्लंबरचा फोन आला. मुलीला ताप होता म्हणून डॉक्टरकडे बसला होता. मी उगाच तोंडातल्या तोंडात बरं बरं म्हणालो. भाचा शेजारून कुजबुजला, "शाका." मला हसू आलं नाही.

रात्री झोप येईना तेव्हा डेटाचं ते 'मी' नसणं पुन्हा आठवलं, आणि त्याच्याबरोबर एक संध्याकाळ. माझे दात पडले त्यानंतरच्या थंडीतली. आमच्याकडे तेव्हा फोन नव्हता, शेजारच्यांकडे यायचा. बाबांना बोलावणं आलं. ते गेले आणि लगेच परत आले, इतक्या लगेच की आईनं विचारलं, "कट झाला का?"

"नाही. ताई होती." ते दारातच उभे होते, चपला पायातच. "मोती गळालं, म्हणाली. आणि ठेवला."

आईनं स्टोव्ह बंद केला. कुणाचं, कसं, काही विचारलं नाही. कपाटावरची बॅग काढायला लागली.

मी पाटावर बसून पाढे लिहीत होतो. आईला म्हटलं, आत्याला सांग, कौलांवर टाकायचा.