पंप बंद केला, तेल थांबलं नाही

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, आमच्या कारखान्यात मोठ्या हायड्रॉलिक प्रेसचं तेल बदलायला मुहूर्त मिळाला तो भर पावसात. प्रेसची टाकी वर, माथ्यावर, 600 लिटरची. रॅम, म्हणजे प्रेसचा वरखाली होणारा दट्ट्या, खाली आणून ठोकळ्यांवर टेकवला, अ‍ॅक्युम्युलेटरमधला (दाबाखालचं तेल साठवणाऱ्या भांड्यातला) दाब सोडून गेज शून्यावर आणला. एवढं सगळेच करतात, कारण तिथे जिवाशी गाठ असते. गटाराकडे मात्र सहसा कुणी बघत नाही.

आमचे फिटरकाका बघतात. शटरबाहेर पावसाच्या पाण्याची जाळी आहे; तिथलं पाणी कांसमधून, म्हणजे पावसाळी नाल्यातून, विश्वामित्री नदीला मिळतं. पान्याला हात लावण्याआधी काकांनी जाळीवर जाड रबरी मॅट पसरली, कडेने वाळूच्या पिशव्या दाबल्या आणि शटरच्या उंबऱ्यावर तेल शोषणारी लांब गुंडाळी आडवी टाकली.

"काका, बाहेर पाणी तुंबेल," सुपरवायझर कुरकुरला.

"तुंबू दे. तेवढं काम होईपर्यंत."

पंपाने टाकीतलं जुनं तेल काढून दुसरं बॅरल भरत असताना पाइपची क्लिप निसटली आणि पाइप उसळून खाली पडला. हेल्परने चपळाईने पंपाचं बटण दाबलं. पंप थांबला, तेल नाही थांबलं! टाकी वर, पाइपचं तोंड जमिनीवर; तेल आपल्याच वजनाने बंद पंपातून वाहत राहिलं.

"व्हॉल्व्ह! अरे, टाकीचा व्हॉल्व्ह!" ओरडत काकाच शिडीवर चढले. दांडा पाव फेरा फिरला तेव्हा कुठे धार तुटली.

तोवर तेल लादीच्या उताराने शटरकडे निघालं होतं. पुढची कड पातळ, पिवळसर. मागे काळपट जाड थर. गुंडाळीपाशी ते अडलं. तिच्या एका टोकाखालून थोडं बाहेर झिरपलं, पावसाच्या पाण्यावर रंगीत तवंग पसरला आणि मॅटच्या अलीकडेच पिवळा भुसा टाकून आम्ही तो गाठला. जाळीत थेंब गेला नाही. ज्या नदीतल्या मगरी 2024 च्या ऑगस्टमधल्या पुरात शहराच्या रस्त्यांवर आल्या होत्या, त्या नदीत आमचं तेल गेलं नाही, याचा मला आजही मनापासून आनंद आहे.

तेवढ्यात एकजण बादली आणि साबणाची पावडर घेऊन आला. त्याला मी दारातच अडवलं. साबणाने तेलाचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात मिसळतं. मग तेल अडवायचा खड्डासुद्धा त्याला वेगळं करू शकत नाही. आधी भुसा, मग फावडं, मग चिंध्या, पाणी नाहीच. तो तेलकट भुसाही घंटागाडीत टाकता येत नाही. धोकादायक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांत वापरलेलं तेल आणि तेलाने माखलेला कचरा धोकादायक धरला आहे, म्हणून तो झाकणाच्या बॅरलमध्ये लेबल लावून वेगळा ठेवला. जुनं तेल परवानाधारक रिसायकलरकडेच गेलं.

आता वर्क परमिटवर, म्हणजे काम सुरू करायच्या लेखी परवानगीवर, दोन ओळी वाढवल्या आहेत. तेल काढताना टाकीच्या व्हॉल्व्हपाशी एक माणूस सतत उभा हवा, आणि जाळी झाकलेली मी स्वतः बघितल्याशिवाय सही होणार नाही. उत्पादनवाले घाई करतात, फोनवर फोन येतात. मी छत्री घेऊन जाळीपर्यंत जातो, मगच सही करतो.