दहा इनिंग, एक धाव आणि बाबा

बाबा नाशिकहून इथे मिनियापोलिसला आले ते दोन किलो चिवडा आणि बेसबॉलबद्दलचं एक ठाम मत घेऊनच. "विटीदांडूच तो. दांडू फिरवायचा नि पळत सुटायचं."

शेजारच्या आजोबांच्या कानावर मी हे घातलं आणि फसले. ते म्हणाले, शनिवारी बाबांना घेऊन ये, १९९१ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलची अंतिम लढत, लावतो. सातवी, शेवटची मॅच. मिनेसोटा ट्विन्स विरुद्ध अटलांटा ब्रेव्ह्ज, दोन्ही संघ आदल्या वर्षी आपापल्या गटात तळाला. २७ ऑक्टोबरच्या त्या रात्री आजोबा स्वतः मेट्रोडोममध्ये होते. ते स्टेडियम आता पाडलंय, पण तिथे फडकवलेला पांढरा रुमाल त्यांच्या दिवाणखान्यात चौकटीत लावलेला आहे.

पहिल्या पाच इनिंग शून्य-शून्य (इनिंग म्हणजे दोन्ही संघांची एकेक पाळी, मॅचला अशा नऊ). बाबा पेंगायला लागले. मलाही खरं सांगायचं तर फोन खुणावत होता.

ट्विन्सचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, जॅक मॉरिस. वय ३६, मिशा झुपकेदार, शेजारच्याच सेंट पॉलचा. त्याचा चेंडू सरळ येतोय असं वाटतं आणि बॅटपाशी येऊन खाली बसतो. समोर २४ वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ, जो मिशिगनमध्ये याच मॉरिसला दैवत मानून मोठा झाला होता. हे ऐकल्यावर बाबा जरा सावरून बसले. 

आणि मग आठवी इनिंग. अटलांटाचा लॉनी स्मिथ पहिल्या बेसवर (बेस म्हणजे थांबे, चार असतात; फिरून चौथ्यावर, म्हणजे 'घरी', आलं की एक धाव). पेंडलटननं चेंडू लांब मारला, स्मिथ धावत घरी यायलाच हवा होता. पण दुसऱ्या बेसजवळ ट्विन्सच्या नॉब्लॉकनं हातात चेंडू नसताना तो उचलून फेकल्याचं नाटक केलं आणि स्मिथ मध्येच थबकला. इकडेतिकडे बघत राहिला. पोचला तो तिसऱ्या बेसपर्यंतच. (फसलो नाही, चेंडूच दिसला नाही, असं तो नंतर म्हणाला. असेल.) तरीही दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर माणसं आणि एकही आऊट नाही! मॉरिसनं पुढच्याला मिळमिळीत फटका मारायला लावला, त्याच्या पुढच्याला बॅटपासून लांब चेंडू टाकून मुद्दाम चालत पहिल्या बेसवर जाऊ दिलं, आणि तिसऱ्याचा चेंडू पहिल्या बेसवरून कॅचरकडे (घरच्या बेसमागचा क्षेत्ररक्षक) नि कॅचरकडून परत पहिल्या बेसवर. एका फटक्यात दोघे बाद. बाबा सोफ्यावरून उठले होते. कधी उठले ते मला कळलंच नाही.

नऊ इनिंगनंतरही शून्य-शून्यच, म्हणून मॅच पुढे चालली. ट्विन्सचा मॅनेजर टॉम केली मॉरिसला बसवायला निघाला होता. मॉरिस ऐकेना. शेवटी केली म्हणाला, जाऊ दे, खेळच तर आहे. दहावीही त्यानंच टाकली, एकूण १२६ चेंडू. मग ट्विन्सच्या ग्लॅडनची बॅट मोडली तरी तो दुसऱ्या बेसवर पोचला, नॉब्लॉकच्या बंटवर (बॅट नुसती टेकवून हळूच ढकललेला चेंडू) तिसऱ्या. पुढच्या दोघांना अटलांटानं मुद्दाम चालत जाऊ दिलं, बेस भरले. दुखऱ्या गुडघ्याचा जीन लार्किन बॅट घेऊन आला, पहिलाच चेंडू जवळ सरकून उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून. १-०.

बाबा गप्प. मग म्हणाले, "याला सांग, आमच्या नाशिकचा एक होता." आणि बापू नाडकर्णींची गोष्ट सुरू झाली. १९६४, मद्रास, इंग्लंडविरुद्ध, सलग २१ षटकं निर्धाव, पूर्ण हिशेब ३२ षटकं, २७ निर्धाव, पाच धावा. निर्धाव षटक म्हणजे काय हे इंग्रजीत समजावताना माझी पुरती दमछाक झाली.

आजोबांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे पाच धावा दिल्या? आमच्या जॅकनं एकही दिली नाही."

बाबा रात्री जेवताना एक शब्द बोलले नाहीत. रविवारी सकाळी मात्र चिवड्याचा डबा काखोटीला मारून, मला न विचारता, शेजारी गेले.