साडेपाचची तालीम

आज गोवंडीच्या केंद्रात ३ जानेवारीच्या सावित्रीबाई जयंतीच्या नाटुकल्याची तालीम होती. बोलावलं होतं साडेपाचला. सव्वासहा वाजले तरी अकरापैकी सातच मुली. एकीच्या घरी पाणी आलेलं, दुसरीची आई कामावरून परतली नव्हती. सातला सगळ्यांना घरी पोचायचं असतं. पूर्वी मी चिडायचे. पण शाळा सुटल्यावर या मुलींची घरकामाची दुसरी पाळी सुरू होते, ती बघूनच वेळ ठरवायला हवी होती. चूक माझी.

सावित्रीचं काम करणारी आमची नववीतली मुलगी शेवटी धाकट्या भावाला कडेवर घेऊनच आली. अंगावर शेण-चिखल झेलत भिडेवाड्यातल्या शाळेकडे निघायचा प्रवेश, साल १८४८. मध्येच थांबून म्हणाली, "ताई, त्या दुसरं लुगडं सोबत न्यायच्या ना? मग ते घाण झालेलं घरी येऊन कोण धुवायचं? त्याच?"

कुणीच बोललं नाही. मग एकदम सगळ्याच बोलायला लागल्या, भांडी, धुणं, भावंडं. तालीम राहिली, पण मी थांबवलं नाही.

तिचा प्रश्न जसाच्या तसा नाटुकल्यात घेतलाय. उद्यापासून तालीम चारला. भावांसाठी कोपऱ्यात चटई आणि खडू ठेवतेय.