डावीकडचे बाक, उजवीकडचे बाक

पुलपिटावर उभं राहिलेल्या माणसाला खालचं सगळं दिसतं, हे खाली बसलेल्यांना कधीच पटत नाही. त्यांना वाटतं, पाळकसाहेबांचं लक्ष शास्त्राच्या पानात आहे. ते असतंच. पण कोण उशिरा आलं, कोण खांबाआड पेंगतंय, कुणाचा मोबाइल गीतपुस्तकात दडलाय, हे काही मी मुद्दाम बघायला जात नाही, ते आपोआप दिसतं. आणि आमच्या कोल्हापुरातल्या चर्चमध्ये सगळ्यात आधी दिसते ती मधली वाट. तिच्या डाव्या अंगाला बायका, उजव्या अंगाला पुरुष.

असा बोर्ड कुठे लावलेला नाही. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, घटनेत तसं कलमही नाही. पण मुंबईचा एखादा पाहुणा नकळत बायकोशेजारी टेकला, की अख्ख्या डाव्या बाजूच्या माना वळतात आणि पहिलं गीत संपायच्या आत बिचारा उठून पलीकडे जातो. त्याला कुणी उठ म्हणत नाही. कोल्हापुरात न बोलता बरंच काही सांगता येतं.

नवरा-बायको घरून एकाच गाडीवर येतात. दारात वाटणी होते: पर्स आणि धाकटं तिच्याकडे, हेल्मेट आणि थोरलं त्याच्याकडे. मग दोघं दोन दिशांना जातात ते आशीर्वाद होईपर्यंत. मधल्या दीड तासात संसार थांबत नाही, तो मुलांमार्फत चालतो. पाच-सहा वर्षांचं पोर हे आमच्या चर्चचं खरं टपालखातं. प्रार्थना चालू असताना ते डावीकडून उजवीकडे येतं आणि बापाच्या कानात सांगतं, ‘आई विचारतीय, गॅस बंद केला काय.’ बाप डोळे मिटूनच मान हलवतो. पोर परत जातं. अर्पणाच्या वेळी उलटा फेरा, सुट्टे पैसे न्यायला. मी वर उभा राहून परमेश्वराला सांगत असतो की तूच आमचा आश्रय आहेस, आणि माझ्यापुढून एक कुटुंब आपला आश्रय एका किल्लीच्या जुडग्यासह पलीकडे पाठवत असतं.

ही बैठक आली कुठून, हे शोधायला फार मागे जावं लागत नाही. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी पत्नी एलायझाबाईंसह कोल्हापुरात आले ते १८५२ साली. त्या काळात परक्या पुरुषांसमोर एका छताखाली बाईने येऊन बसावं हेच मोठं धाडस होतं. वेगळं बसायची सोय नसती तर किती जणी आल्या असत्या? तेव्हा सतरंज्या होत्या, पुढे बाक आले, पण सतरंजीवरची वाटणी बाकांवर जशीच्या तशी चढली. आमच्याकडची इस्पितळंसुद्धा याच शिस्तीत बसलेली वाटतात मला. मिशनरी डॉक्टर वानलेस यांच्या नावाचं मिरजेला, त्यांच्या पत्नी मेरी वानलेस यांच्या नावाचं कोल्हापुरात, आणि मध्ये १८९१ पासूनची रेल्वे. एवढी लांबलचक मधली वाट दुसऱ्या कुठल्या मंडळीला नसेल.

आता गंमत अशी की बायबलच्या नव्या करारात एक जोडपं आहे, अक्विला आणि प्रिस्किल्ला. राहुट्या करण्याचा त्यांचा धंदा. रोममधून यहुद्यांना बाहेर काढलं तेव्हा हे करिंथला आले. तिथं प्रेषित पौल त्यांच्या घरी उतरला, त्यांच्याबरोबर कामाला बसला. पुढे इफिसमध्ये त्यांच्याच घरात मंडळी जमायची. या दोघांची नावं शास्त्रात सहा वेळा येतात आणि सहाही वेळा जोडीनं येतात. एकटा अक्विला कुठे नाही, एकटी प्रिस्किल्ला कुठे नाही. बहुतेक ठिकाणी तर बायकोचं नाव आधी. अपुल्लोससारखा मोठा वक्ता कुठे कमी पडतोय हे या दोघांनी हेरलं, त्याला आपल्याकडे नेलं आणि नीट समजावलं. मला हे जोडपं फार आवडतं. येशूचा शिष्य पेत्र, त्याच्या बायकोचं नावसुद्धा आपल्याला माहीत नाही. त्याला सासू होती, तिला ताप आला होता, येशूने तो घालवला, एवढ्यावरून तो संसारी होता हे कळतं. आमच्या मंडळीतल्या जावयांना सासूचा हा चमत्कार ऐकताना मी नीट न्याहाळून घेतो. पण ते असो.

तर अशी ही जोडी डोळ्यांसमोर ठेवून मी लग्नाआधीच्या वर्गात मुलामुलींना शिकवतो: जोडीनं राबा, घराचं दार उघडं ठेवा, नाव जोडीनंच निघालं पाहिजे. ती दोघं माना डोलावतात. लग्नाच्या दिवशी मधल्या वाटेवरून शेजारी शेजारी चालतात. आमच्या चर्चमध्ये ही वाट दोन बाजूंना वेगळं करते, ती जोडते फक्त त्या दिवशी. शेजारपाजारची मराठा मंडळी आधी फोन करून विचारतात, ‘साहेब, मुहूर्त कितीचा?’ मी सांगतो, १८७२ चा ख्रिस्ती विवाह कायदा म्हणतो, खास परवाना नसेल तर सकाळी सहा ते संध्याकाळी सात, चांगला तेरा तासांचा मुहूर्त आहे, सवडीनं या. ते हसतात आणि तरी बाराच्या ठोक्याला हजर होतात, कारण त्यांना जेवणाचा मुहूर्त बरोबर माहीत असतो. काना गावच्या लग्नावर मी त्या दिवशी फार बोलत नाही. येशू तिथं पाहुणा म्हणून गेला होता, त्यानं प्रवचन केल्याची नोंद नाही. आणि इथं माझं प्रवचन लांबलं तर पांढरा रस्सा गार होतो.

मग दोघं हातात हात घेऊन वचन देतात. सुखात आणि दुःखात, आजारात आणि आरोग्यात, मरण आपल्याला वेगळं करीपर्यंत. पुढच्या रविवारी नवी नवरी हिरव्या साडीत चर्चला येते, सासूच्या मागोमाग डावीकडे जाते, आणि नवरा उजवीकडे जाऊन मित्रांत बसतो. मरणाच्या आधी आमची बैठकच त्यांना वेगळं करून मोकळी होते.

या बैठकीचा पाळकाला एक फायदा मात्र आहे. पौलाच्या इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय वाचायचा असला की मला दोन्ही बाजूंचं मत लगेच कळतं. बायकांनी नवऱ्याच्या अधीन असावं, हे बाविसावं वचन आलं की उजवी बाजू ताठ बसते. एकदोघे तर पलीकडे कटाक्षही टाकतात. मग पंचविसावं वचन येतं. नवऱ्यांनो, ख्रिस्तानं मंडळीवर जशी प्रीती केली आणि तिच्यासाठी स्वतःला दिलं तशी तुम्ही बायकोवर करा. आता डावी बाजू सरसावते आणि उजवीकडे खोकला सुरू होतो. या सगळ्याच्या आधीचं एकविसावं वचन, एकमेकांच्या अधीन असा म्हणणारं, दोन्ही बाजूंना फारसं पाठ नसतं. ते मी हल्ली दोनदा वाचतो.

खरा घोळ होतो तो कापणीच्या सणाला. ज्याला जे पिकतं ते तो आणतो: उसाच्या मोळ्या, भोपळे, मेथीच्या पेंढ्या, नाचणी, एखादा पाय बांधलेला कोंबडा, आणि कोल्हापूर असल्यामुळे गुळाचे रवे. उपासना झाली की लिलाव. बोलणारा गडी खमक्या असावा लागतो. आमचा तर गुऱ्हाळावरचा माणूस, गूळ हातात घेतला की त्याला कंठ फुटतो. मागच्या एका सणाला त्यानं एक रवा उचलला. डावीकडून बोली आली, उजवीकडून वरची बोली आली. डावीकडचीनं वाढवली, उजवीकडच्यानं आणखी वाढवली. मधल्या ओळींत लोक उभे असल्यानं कुणाला कुणाचं तोंड दिसत नव्हतं. गूळ बाजारभावाच्या तिप्पट गेला तेव्हा टपालखात्यातलं एक पोर धावत पलीकडे गेलं आणि बापाचा सदरा ओढून ओरडलं, ‘पप्पा, ती मम्मीच हाय!’ चर्चमध्ये इतका हशा मी तोवर ऐकला नव्हता. खजिनदारांनी मात्र बोली मागे घेऊ दिली नाही. प्रभूचं काम आहे म्हणाले.

तो गूळ दोघांनी नेला, पण मी त्यानंतरच्या मीटिंगला विषय काढला. आता जोडीनं बसायला काय हरकत आहे? सगळ्या कुटुंबानं एका बाकावर बसावं, पोरांचा फेरा वाचेल. तरुण संघाची मुलं लगेच ‘नाद खुळा’ म्हणाली. तशीही ती मागच्या बाकांवर मिसळूनच बसतात आणि तिथं काय चालतं तेही मला वरून दिसतं. ज्येष्ठांनी घसा खाकरला. ठरलं काहीच नाही, पण बातमी महाद्वार रोडच्या गर्दीपेक्षा वेगानं सगळीकडे पसरली.

दोन दिवसांनी मंडळीतल्या एका आजींकडे प्रार्थनेला गेलो होतो. प्रार्थना झाली, चहा झाला, आणि मी उठणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, ‘सलाम घ्या, पण जरा बसा साहेब. जोडीजोडीनं बसवणार म्हणं चर्चात?’

मी म्हटलं, विचार चाललाय.

‘मग मी कुणासंगं बसू? आमचं म्हातारं जाऊन कैक वर्सं झाली. आता मी तिसऱ्या बाकावर बसतो, तर एकली हाय का जोडीची हाय, कुणाला कळतंय का? समद्या बायकाच. उद्या तुम्ही जोड्या लावल्यासा, म्हंजे मी त्या बाकावर कशी दिसंन सांगा बघू.’

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पुढच्या रविवारी मी तिसऱ्या बाकाकडे पाहिलं. आजींच्या शेजारी एक निवृत्त परिचारिका, लग्न न केलेली. तिच्या पलीकडे एक जण, नवऱ्याचा धर्म वेगळा, तो दारापर्यंत सोडतो आणि रंकाळ्यावर फेऱ्या मारत थांबतो. तिच्या पलीकडे एक तरुण मुलगी, सासरहून परत आलेली, जिच्या घरी मी बऱ्याच वेळा जाऊन आलोय आणि जिच्याबद्दल मंडळीत चौकशा थांबलेल्या नाहीत. त्या बाकावर त्या चौघी एका गीतपुस्तकातून गात होत्या, आणि खाली बसलेल्या कुणालाही त्यांच्यात आणि पुढच्या बाकावरच्या सुवासिनींत काडीचा फरक दिसला नसता. याच संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला. कायदा बाईला दुसरं लग्न करू देतो. पण जिला ते करायचंच नाही, तिनं रविवारी कुठे बसायचं, हे कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही.

म्हणजे ज्या बैठकीला मी जुनाट समजत होतो, ती जोडप्यांना गैरसोयीची आणि एकट्यांना सोयीची निघाली. प्रवचनात आम्ही पाळक लोक कुटुंबावर इतकं बोलतो, की ऐकणाऱ्याला वाटावं स्वर्गात प्रवेश जोडीनंच मिळतो. पौल स्वतः तर एकटाच होता. अक्विला-प्रिस्किल्लाच्या घरी तो एकटाच उतरला आणि त्यांच्या बाकावर त्याला जागा झाली. ही बाजू मी आजवर वर्गात शिकवलीच नव्हती, आता शिकवतो.

घरी पाळकीणबाईंना हे सगळं सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, ‘जोड्यांचं सोडा, मी इतकी वर्षं तिथंच बसते. तुम्ही कधी माझ्याशेजारी बसलाय का चर्चमध्ये?’

खरंच आहे. पाळकाच्या बायकोला नवरा दिसतो तो समोरून आणि उंचावर. प्रवचन लांबलं की ती पदराखालून मनगटावरचं घड्याळ वर करते, एवढाच आमचा रविवारचा संवाद. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला नातेवाइकांकडे गेलो, तेव्हा तिथल्या चर्चमध्ये आम्ही जोडीनं बसलो. तिथं सगळे मिसळून बसतात. गीतपुस्तक एकच मिळालं. तिला चष्म्याशिवाय लांबचं दिसत नाही आणि चष्मा घरी राहिलेला, मला लांब धरल्याशिवाय दिसत नाही, त्यामुळे पुस्तक सबंध गीतभर पुढे-मागे जात राहिलं. तिसऱ्या कडव्याला मला कळलं, की ती खालच्या सुरात वेगळी चाल धरते. इतकी वर्षं डाव्या बाजूच्या कल्लोळात तो आवाज मला वेगळा ऐकूच आला नव्हता. मी ते सांगायला झुकलो तर ती म्हणाली, ‘गप्प बसा. हे पाळक चांगलं बोलतायत.’

परवाच्या मीटिंगला विषय पुन्हा निघाला. मी सुचवलं, वाटेच्या दोन्ही अंगांचे शेवटचे चार-चार बाक मोकळे ठेवू, ज्याला जसं बसायचं तसं बसू दे, पुढचे बाक आहेत तसेच राहतील. तरुण म्हणाले, हे अर्धवट आहे. ज्येष्ठ म्हणाले, ही सुरुवात आहे, पुढे सगळंच जाईल. खजिनदारांची अडचण वेगळीच. आमच्याकडे अर्पणाचा आकडा दोन्ही बाजूंचा वेगवेगळा वाचतात, आणि डावी बाजू बहुतेक वेळा वर असते. मिसळून बसले तर हिशेब कसा लावायचा, आणि मुख्य म्हणजे पुरुषांना लाज कशी वाटणार?

महिला मंडळाच्या अध्यक्षा तोवर गप्प होत्या. सेक्रेटरींनी त्यांचं मत विचारलं. त्या म्हणाल्या, ‘बसायचं मागनं बघू. पुरुषांच्या अंगाला चार पंखे आणि आमच्या अंगाला दोन, त्यातला एक बंद. त्याचं काय ते आधी लिहा.’

पंखे एकमताने मंजूर झाले. बाकांचा विषय पुढच्या मीटिंगला.